गिल्ला आणि गुलाम

माझी धाकटी भाची डब्लिनला असते. दोन वर्षांपूर्वी एका रात्री तिचा फोन आला, ‘‘मामू, नाव सुचवा. मुलगी झाली तर एक, मुलगा झाला तर एक. पण असं सुचवा, की तिकडे अम्मीला म्हणता आलं पाहिजे आणि इकडे शेजारच्या आजींना.’’ मी कविता करतो, म्हणून घराण्यात नाव सुचवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं आहे. कवीला दुसरं काम तरी कोण देतं?

शेजारच्या आजींनी तिला एक लहानसं पुस्तक दिलं होतं. गेलिक बाळनावं आणि त्यांचे अर्थ. गेलिक म्हणजे आयर्लंडची आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाची जुनी भाषा. दोन्हीकडची रूपं आज वेगळी झाली असली तरी बहिणी-बहिणी आहेत. भाची फोनवर एकेक अक्षर सांगायची आणि मी कागदावर लिहून घ्यायचो. एस, आय, ओ, बी, एच, ए, एन. मी वाचलं, ‘सिओभान’. ती हसली. ‘‘मामू, हे शिव्हॉन.’’ बी आणि एच शेजारी आले की ‘व’. एम आणि एच आले तरी ‘व’. एन, आय, ए, एम, एच म्हणजे ‘नीव्ह’. ए, ओ, डी, एच एवढी चार अक्षरं लिहायची आणि उच्चारायचं फक्त ‘ए’. देवनागरीची सवय असलेल्या माणसाला हा छळच वाटतो. पण या लेखनाचे नियम इंग्रजीपेक्षा जास्त पक्के आहेत. अडचण एवढीच, की ते इंग्रजीचे नियम नाहीत. पुढचा सगळा इतिहास या अडचणीतून घडलेला आहे.

ही नावं आपल्याला परकी वाटतात. पण मी साताऱ्याचा, आणि माझ्या लक्षात आलं, की आपण ती दोनशे वर्षं उच्चारत आलो आहोत. महाबळेश्वरची ‘माल्कम पेठ’ मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या नावाची. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा आणि साताऱ्यात रेसिडेंट म्हणून राहिलेला ग्रँट डफ मूळचा नुसता ग्रँट. ‘डफ’ त्यानं आईकडून घेतलं. आपल्याला डफ म्हटलं की शाहीर आठवतो. पण गेलिकमध्ये ‘दुव्ह’ म्हणजे काळा, त्याचंच हे इंग्रजी रूप. आणि पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. १८८५ साली स्थापन झालेल्या या कॉलेजाला गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन याचं नाव दिलं गेलं. तो स्कॉटलंडमधल्या एअरशर परगण्यातला. फर्ग्युसन म्हणजे फर्गसचा मुलगा आणि फर्गस हे अस्सल गेलिक नाव. त्यातला ‘फेर’ म्हणजे पुरुष आणि ‘गस’ म्हणजे जोम.

इथं आणखी एक गंमत आहे. हा ‘फेर’ आणि आपला ‘वीर’ एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं नातं सांगितलं, तेव्हा केल्टिक भाषाही याच गोतावळ्यातल्या असाव्यात, असं ते म्हणाले होते. पुढच्या शतकात ते सिद्ध झालं. मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन. भाषाशास्त्र मला परीक्षेपुरतंच येत होतं. पण भाचीनं सांगितलेल्या नावांची मुळं शोधायला बसलो आणि जुने ओळखीचे लोक भेटावेत तसं झालं. ‘ए’ असा उच्चार असलेलं ते चार अक्षरी नाव म्हणजे अग्नी. त्याचं नातं आपल्या ‘इंधना’शी. त्याचंच लाडकं रूप ‘एडन’, छोटा अग्नी. ‘रूरी’ म्हणजे तांबडा राजा. त्यातल्या ‘रुअ’चं नातं ‘रुधिरा’शी आणि ‘री’चं ‘राजा’शी. ‘ब्रीद’ किंवा ‘ब्रिजिद’ हे आयर्लंडच्या लाडक्या संतीणबाईंचं नाव. त्याचं मूळ आणि आपल्या ‘बृहती’चं मूळ एकच. बृहती म्हणजे थोर, उंच.

आयर्लंडमधलं सर्वांत जुनं लेखन कोणतं, असं विचारलं तर उत्तर आहे, नावं. चौथ्या-पाचव्या शतकापासूनचे सुमारे चारशे दगड सापडले आहेत. दगडाच्या कडेवर आडव्या-तिरक्या रेघा, खाचा. या लिपीला ओघम म्हणतात. त्यांवर ना राजाची स्तुती, ना दान दिल्याची नोंद. बहुतेकांवर एवढंच, ‘अमक्याचा, जो तमक्याचा मुलगा, त्याचा.’ पुढं दगड हा शब्दसुद्धा नाही. मुलगा या अर्थाचा त्यावरचा ‘मकी’ हा शब्द म्हणजेच पुढचा ‘मॅक’. मॅकडोनल्ड, मॅकग्रेगर यांतला मॅक दीड हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलेला आहे. ‘ओ’ म्हणजे नातू, मुलगी असेल तर ‘नी’. म्हणजे एकाच घरातल्या भावाचं आणि बहिणीचं आडनाव वेगळं दिसतं. भाचीला सुरुवातीला वाटलं होतं, ती बहीणभावंडं नसावीतच.

या नावांत कुत्रा फार. ‘कू’ म्हणजे शिकारी कुत्रा. तोही आपल्या ‘श्वान’चा भाऊबंद. आयरिश कथांतला सर्वांत मोठा वीर कूहुलिन. त्याचं लहानपणचं नाव वेगळं, सेतांता. कुलन नावाच्या लोहाराच्या घरी जाताना राखणीचा कुत्रा अंगावर आला आणि पोरानं तो मारला. लोहार रडायला लागला, की आता माझं घर, माझी गुरं कोण राखणार? मुलगा म्हणाला, दुसरं पिल्लू मोठं होईपर्यंत मी राखतो. तेव्हापासून तो ‘कू हुलिन’, कुलनचा कुत्रा. आपल्याकडे कुत्रा म्हटलं की भांडण होईल. पण ऐतरेय ब्राह्मणातला शुनःशेप आठवा, आणि त्याच्या भावाचं नाव शुनःपुच्छ, म्हणजे सरळ कुत्र्याचं शेपूट. आणि रामपूरच्या एका नवाबाचं नाव होतं कल्बे अली खान. कल्ब म्हणजे कुत्रा. हजरत अलींच्या दारातला कुत्रा. १८६५ ते १८८७ त्यांनी राज्य केलं. नावात कुत्रा होता म्हणून कुणी त्यांना कमी लेखलं नाही. राखण करणं आणि इमान ठेवणं, एवढाच त्याचा अर्थ.

आता माझ्या मनात घर करून बसलेल्या नावांकडे येतो. आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म आला पाचव्या शतकात, संत पॅट्रिकबरोबर. आज पॅट्रिक म्हटलं की आयरिश माणूसच डोळ्यांपुढे येतो. पण कित्येक शतकं गेलिक लोक मुलाचं नाव सरळ पॅट्रिक ठेवत नसत. एवढ्या थोर पुरुषाचं नाव आपल्या शेंबड्या पोराला कसं द्यायचं, ही भीड. मग ते नाव ठेवायचे ‘गिल्ला पाद्रिग’, म्हणजे पॅट्रिकचा सेवक. ‘गिल्ला इओसा’ म्हणजे येशूचा सेवक. त्याचंच आज गिलीस झालं. ‘गिल्ला क्रीस्त’चं गिलख्रिस्ट झालं. दुसरा शब्द होता ‘मेल’, म्हणजे मुंडण केलेला, साधूसारखा. ‘मेल कोलम’ म्हणजे संत कोलम्बाचा मुंडित भक्त. हा कोलम्बा आयर्लंडहून निघाला आणि ५६३ साली त्यानं स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावर मठ बांधला. कोलम म्हणजे कबुतर, पारवा. त्याच्या भक्ताचं नाव इंग्रजीत झालं माल्कम. स्कॉटलंडचे चार राजे या नावाचे झाले. आणि मी शंभर वेळा महाबळेश्वरच्या माल्कम पेठेतून चणे-फुटाणे घेऊन फिरलो, तेव्हा मला ठाऊक नव्हतं, की मी पारव्याच्या भक्ताच्या पेठेतून फिरतो आहे.

मरियमच्या बाबतीत तर भीड आणखी. येशूच्या आईचं नाव आयरिशमध्ये ‘मुइरे’. ते फक्त तिचं. इतर मुलींची नावं ‘मॉइरे’. एका स्वराचा फरक ठेवून तिचं आसन रिकामं ठेवलं.

आणि गिल्ला या शब्दाचा मूळ अर्थ? पोरगा. मग घरचा पोऱ्या, मग सेवक. अरबीतला ‘गुलाम’ बघा. मूळ अर्थ मुलगा, तरुण पोर. मग चाकर. या दोन शब्दांचं काही नातं नाही. एक केल्टिक, एक सेमिटिक. पण दोन्ही एकाच वाटेनं गेले आणि दोन्ही देवघरापाशी येऊन थांबले. गुलाम रसूल, गुलाम नबी, गुलाम मोहिउद्दीन ही नावं आमच्याकडे घरोघरी. ती ठेवणाऱ्यांना गुलामगिरी अभिप्रेत नसते. ती नम्रता असते, थोडा अभिमानही असतो. मराठीत रामदास म्हणताना कुणाला गुलामगिरी कुठं आठवते?

हे अर्थ नाव ठेवणाऱ्याला ठाऊक असतात, नाव लिहिणाऱ्याला नसतात. आयर्लंडमध्ये लिहिणारे इंग्रज होते. आधी तर उलटच झालं. तिथं स्थायिक झालेले इंग्रजच गेलिक बोलू लागले, गेलिक नावं घेऊ लागले. ते थांबवायला १३६६ साली किल्केनीचे कायदे झाले, की इंग्रजानं इंग्रजी नावच वापरावं. पुढं १४६५ सालच्या कायद्यानं डब्लिनभोवतीच्या इंग्रजी अमलातल्या मुलखातल्या आयरिश लोकांना सांगितलं, की इंग्रजी आडनाव घ्या. कोणतं? एखाद्या गावाचं घ्या, नाहीतर रंगाचं घ्या, पांढरा, काळा, तपकिरी. नाहीतर धंद्याचं घ्या, लोहार, सुतार. नाहीतर आचारी, बुधले अशा कामाचं. कपाटातून टोपी उचलावी तसं. मॅक गावन, म्हणजे लोहाराचा मुलगा, यांतले कित्येक जण स्मिथ झाले. त्यांचं नशीब म्हणायचं, की अर्थ तरी शिल्लक राहिला.

स्कॉटलंडात १६०३ साली एक संपूर्ण आडनावच बंद केलं गेलं. मॅकग्रेगर कुळानं शेजारच्या कुळाची मोठी कत्तल केली होती. राजानं हुकूम काढला, की यापुढं मॅकग्रेगर हे नाव लावील त्याला देहदंड. बंदी मध्ये उठली, पुन्हा आली आणि कायमची गेली ती १७७४ साली. प्रसिद्ध रॉब रॉय या कुळातला. रॉय म्हणजे तोच तांबडा, त्याच्या केसांवरून. त्याला आईकडचं कॅम्बेल हे आडनाव लावून फिरावं लागलं. कॅम्बेलचा अर्थ वाकडं तोंड. वाकड्या नाकाचा तो कॅमरन. अशी नावंही आज लोक हौसेनं बाळांना ठेवतात.

पण बहुतेक नावं हुकमानं नाही, तर ऐकण्यातल्या चुकीनं किंवा सोयीनं गेली. गेलिकमध्ये हाक मारताना नाव बदलतं. आपण रामाला ‘रामा’ आणि विठ्ठलाला ‘विठ्ठला’ म्हणतो ना, तसं. तिथं तर पहिलं अक्षरच बदलतं. ‘शेमस’ला हाक मारायची तर ‘अ हेमिश’. ऐकणाऱ्यानं हाकेलाच नाव समजून लिहिलं आणि ‘हेमिश’ हे वेगळं नाव तयार झालं. कारकुनानं शाळेच्या पटावर ‘विठ्ठला’ लिहावं, तसंच हे. काही ठिकाणी आवाजाचं दूरचं साम्य पाहून बायबलातलं किंवा लॅटिनमधलं नाव चिकटवलं. दिअरमद होता त्याचा जेरेमाया झाला, कोनहूरचा कॉर्नेलियस. स्कॉटलंडात मोराग सारा झाली. इथं तर आवाजही जुळत नाही. आयर्लंडमध्ये १८६४ पासून प्रत्येक जन्माची सरकारी नोंद सुरू झाली. नोंदवही इंग्रजी. घरात एका नावानं हाक आणि वहीत दुसरंच नाव, अशी दुहेरी माणसं घरोघर वाढली.

एक नाव मला विशेष लागलं. ‘टायग’. त्याचा अर्थ कवी. आयर्लंडच्या जुन्या समाजात कवीचा मान राजाच्या खालोखाल. त्या नावाचं कुठं टिमथी झालं, ते सोडा. पण हे नाव आयरिश लोकांत इतकं होतं, की सतराव्या शतकापासून इंग्रज कुठल्याही आयरिश माणसाला हेटाळणीनं ‘टीग’ म्हणू लागले. उत्तर आयर्लंडमध्ये ती पुढं कॅथलिकांना द्यायची शिवी झाली. कवी या अर्थाचा शब्द शिवी होतो, हे वाचलं त्या दिवशी मी पुढं काही वाचलं नाही.

आता त्या गाडीची गोष्ट. डोनेगल परगण्यात नील मॅक गिल्ला व्रीदे नावाचा माणूस होता. शेती करायचा आणि आयरिशमध्ये गाणी रचायचा. त्याच्या नावाचा अर्थ लावा: मॅक म्हणजे मुलगा, गिल्ला म्हणजे सेवक, आणि व्रीदे म्हणजे ब्रीदचा. ब्रीदच्या सेवकाचा मुलगा. इंग्रजीत एवढं सगळं मिळून ‘मॅकब्राइड’. सेवक मधल्या मध्ये गळाला. तेव्हाच्या कायद्यानं मालगाडीवर मालकाचं नाव वाचता येईल अशा अक्षरांत रंगवायला हवं होतं. नीलनं ते आयरिशमध्ये रंगवलं. पोलिसांनी खटला भरला, की वाचता येत नाही. दंड झाला. अपील डब्लिनच्या वरच्या कोर्टात गेलं, १९०५ साली. त्याच्या बाजूनं उभा राहिला एक तरुण बॅरिस्टर, पॅट्रिक पिअर्स. हा पुढं १९१६च्या उठावाचा नेता झाला आणि गोळ्या घालून मारला गेला. त्याचे वडील इंग्लंडहून आलेले पाथरवट. पण तो आपली सही पाद्रिग मॅक पीरस अशी आयरिशमध्ये करायचा. त्याची वकिली फारशी चालली नाही. हाच खटला लोकांच्या लक्षात राहिला, आणि तो तो हरला. दंड कायम राहिला.

हे वाचताना मला आमचे वडील आठवत होते. त्यांच्या नावातला पहिला शब्द गुलाम. नोकरीला लागले तेव्हा कुणा कारकुनानं सेवापुस्तकात लिहिलं ‘गुलाब’. त्याचा हेतू वाईट नसावा. माणसाला गुलाम कसं म्हणायचं, असा दयाळू विचारही त्यानं केला असेल. कचेरीत सगळे त्यांना गुलाबभाई म्हणायचे आणि वडील ओ द्यायचे. अडलं ते निवृत्तीनंतर. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, सेवापुस्तकात दुसरं; पेन्शन थांबली. सहा-सात महिने हेलपाटे घातल्यावर स्टॅम्पपेपर आणून प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं. तिथल्या लेखनिकानं टंकलं, ‘गुलाम व गुलाब ही दोन्ही नावे एकाच इसमाची असून...’ वडिलांनी पेन हातात घेतलं आणि थांबले. ‘‘सही कोणत्या नावानं करू?’’ लेखनिकही गोंधळला. मग म्हणाला, ‘‘चाचा, दोन्ही करा.’’ त्यांनी दोन्ही केल्या. एकाखाली एक.

आयर्लंड १९२२ साली स्वतंत्र झालं आणि नावं हळूहळू घरी परतू लागली. काही तर नवीच घडली. ‘सीर्शा’ म्हणजे स्वातंत्र्य. जुन्या कथांत किंवा संतांच्या यादीत हे नाव सापडत नाही. ते विसाव्या शतकातलं. ‘फीआ’ म्हणजे रानातलं, हरिण. २०२१ साली आयर्लंडमध्ये नोंदलेल्या मुलींच्या नावांत ते पहिलं होतं. गेलिक म्हणून मिरवणारी सगळीच नावं मात्र तिथली नव्हेत. शॉन आणि शिव्हॉन बाराव्या शतकात नॉर्मन लोकांबरोबर आले. शॉन म्हणजे शेवटी बायबलातला योहान, आमच्याकडचा याह्या. शॉनच्या ‘ए’वर एक छोटी तिरकी रेघ असते. ती गाळली, की त्या शब्दाचा अर्थ ‘म्हातारा’ होतो. आणि संगणक ती पुष्कळदा गाळतात. बाळनावांच्या पुस्तकांवरही फार विसंबू नये. त्यांत प्रत्येक नावापुढं ठामपणे एक अर्थ छापलेला असतो. पण ‘नील’ म्हणजे वीर, की ढग, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही.

भाचीला मी दोन नावं सांगितली. मुलगा झाला तर रय्यान. स्वर्गाच्या ज्या दरवाजानं रोजे करणारे आत जातात, त्याचं हे नाव. आणि आयरिशमध्ये त्याच्या जवळचं ‘रीअन’ म्हणजे छोटा राजा. मुलगी झाली तर नूर. शेजारच्या आजींना ते आवडलं. त्या म्हणाल्या, नूर म्हणजे तेज, तर ही आमची नीव्ह. नीव्हचा अर्थही तेजच. जुन्या कथेत ती समुद्रापलीकडच्या चिरतारुण्याच्या देशातून घोड्यावर बसून येते.

मुलगी झाली. नोंदणीला भाची बाळाला घेऊन गेली. तिथल्या बाई फार प्रेमळ, बाळाशी बोलत बोलत त्यांनी माहिती टंकली आणि कागद सहीसाठी पुढं केला. भाचीनं मला तिथूनच फोन लावला. ‘‘मामू, कागदावर नोरा आलंय. इथं नोरा खूप असतात म्हणे. एका अक्षराचा तर फरक. करून टाकू सही?’’

मी म्हटलं, ‘‘करू नकोस. आधी दुरुस्त करून घे.’’

फोन चालूच होता. ती बाईंना काहीतरी म्हणाली, बाई ‘सॉरी’ म्हणाल्या, आणि मग छपाईयंत्राचा आवाज आला.